कॉलेज बास्केटबॉल: कोणती कॉन्फरन्स किती भारी, हे कसं ओळखायचं?

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक वाद हमखास रंगतो: यंदा कोणती कॉन्फरन्स, म्हणजे आपसात नेमाने खेळणाऱ्या विद्यापीठांचा कोणता गट, सगळ्यांत तगडा? पर्ड्यू, इलिनॉय, ॲरिझोना स्टेट अशा ठिकाणी शिकायला गेलेली आपली मुलंमुली या वादात ओढली जातात, आणि मग इकडे त्यांची भावंडं, आईबाबाही पहाटे उठून सामने बघायला लागतात. खेळ समजायला फार वेळ लागत नाही. पण 'एसईसीत आठवा आलेला संघ एसीसीत दुसऱ्या आलेल्या संघापेक्षा भारी आहे' असं कुणी म्हटलं की नव्या प्रेक्षकाला काही उमगत नाही. (एसईसी आणि एसीसी या दोन मोठ्या कॉन्फरन्स.) आठवा दुसऱ्यापेक्षा भारी कसा? हे पडताळून कसं बघायचं? हा लेख त्यासाठीच आहे. बेरीज-भागाकार येत असला तरी पुरे.

आधी रचना समजून घ्या

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार बघणारी संघटना. तिच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांचे ३६४ संघ होते आणि ते ३१ कॉन्फरन्समध्ये विभागलेले होते. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये संघ बहुतेक करून कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी खेळतात. जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत आपसातले सामने होतात. त्यानंतर प्रत्येक कॉन्फरन्सची स्वतःची छोटी बाद स्पर्धा होते आणि तिथल्या विजेत्याला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये असे ३१ संघ थेट आले आणि उरलेले ३७ निवड समितीने निवडले. सगळी भांडणं या ३७ जागांवरून असतात.

रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट असतात. प्लेट गटात खोऱ्याने धावा काढल्या तरी त्यांचं वजन एलिटमधल्या धावांइतकं धरलं जात नाही, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. तिथे निदान गटांवर पाटी लावलेली असते. डिव्हिजन वनमध्ये तशी अधिकृत पाटी नाही. वर्तमानपत्रं 'मोठ्या' आणि 'मधल्या' कॉन्फरन्स अशी भाषा वापरतात खरी, पण कागदोपत्री ३१ च्या ३१ सारख्याच. प्रतवारी आपली आपणच लावायची.

पायरी १: आपसातले निकाल बाजूला ठेवा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात.

एसईसीत १६ संघ आहेत आणि प्रत्येक संघ आपसात १८ सामने खेळतो. म्हणजे एकूण १४४ सामने: १४४ विजय, १४४ पराभव. एसईसी इतिहासातली सर्वोत्तम असो की सुमार, ही बेरीज बदलत नाही. एक जिंकला की दुसरा हरतोच. म्हणून जानेवारीनंतरच्या आपसातल्या निकालांवरून कॉन्फरन्सच्या आत कोण वर आणि कोण खाली एवढंच कळतं. ती कॉन्फरन्स बाकीच्या ३० जणींच्या तुलनेत कुठे आहे, याबद्दल ते निकाल एक अक्षरही सांगत नाहीत.

तरीही फेब्रुवारीत समालोचक काय म्हणतात ऐका. तळाच्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवलं की 'बघा, ही कॉन्फरन्स किती खोल आहे, इथे कुणीही कुणालाही हरवतं!' आणि दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये नेमकं हेच घडलं की 'तिथे एकही धड संघ नाही.' निकाल तोच, अर्थ दोन. हा अर्थ सामन्यातून आलेला नसतो, बोलणाऱ्याच्या मनात आधीच बसलेला असतो. माझा सल्ला स्पष्ट आहे: कॉन्फरन्सची ताकद जोखताना आपसातल्या सामन्यांचा रकाना वहीत ठेवूच नका.

पायरी २: नोव्हेंबर-डिसेंबरचा हिशेब मांडा

कॉन्फरन्सची खरी पत ठरते ती नाताळच्या आधी. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक बाहेरच्या सामन्याची एक ओळ लिहा आणि चार रकाने करा: प्रतिस्पर्धी कोण, त्याची कॉन्फरन्स कोणती, सामना कुठे झाला आणि गुणफरक किती.

२०२४-२५ चं एसईसीचं खातं नमुना म्हणून घ्या. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी बाहेरच्या संघांविरुद्ध १८५ विजय आणि २३ पराभव, म्हणजे जवळजवळ ८९ टक्के. नुसता हा आकडाही डोळे दिपवणारा आहे. पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, कारण दुबळ्या संघांना घरी बोलावून असा आकडा फुगवता येतो. म्हणून रकाने उघडून आतलं बघायचं. बलाढ्य म्हणून नावाजलेल्या एसीसीविरुद्ध एसईसी किती? ३० विजय, ४ पराभव. इथे शंका संपते.

यातला एक भाग जरा जवळून बघू. २०२३ पासून डिसेंबरच्या तोंडावर एसीसी-एसईसी चॅलेंज होतं. दोन्ही कॉन्फरन्सचे संघ एकेक जोडी करून भिडतात. काही सामने इकडच्यांच्या कोर्टवर, काही तिकडच्यांच्या. पहिल्या वर्षी ७-७ अशी बरोबरी झाली. २०२४ मध्ये मात्र १६ सामन्यांत एसईसीने १४ जिंकले. एसीसीच्या वाट्याला दोनच विजय आले: क्लेम्सनने आपल्या कोर्टवर केंटकीला ७०-६६ असं हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूकने कॅमेरून इनडोअर स्टेडियममध्ये ऑबर्नला ८४-७८ असं. दोन्ही विजय घरच्या मैदानावरचे. एसीसीचा एकही संघ त्या दोन दिवसांत एसईसीच्या दारात जाऊन जिंकला नाही. मार्चमध्ये एसीसीच्या १८ संघांपैकी फक्त चौघांना बोलावणं आलं तेव्हा बरीच ओरड झाली. पण तो निर्णय खरं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच लिहिला गेला होता.

आता 'सामना कुठे झाला' या रकान्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यातच लहान कॉन्फरन्सवर होणारा अन्याय दडलेला आहे.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरच्या कोर्टचा फायदा साधारण तीन गुणांचा मानतात. मोठी विद्यापीठं नोव्हेंबरमध्ये लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात. एका सामन्याचे अनेकदा ८०-९० हजार डॉलर मोजले जातात आणि परतीचा सामना द्यावा लागत नाही. लहान विद्यापीठाचा क्रीडा विभाग या पैशांवर चालतो, म्हणून ते जातात. स्वॅक आणि मीॲक या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या कॉन्फरन्स. त्यांचे कित्येक संघ पहिले दोन महिने जवळजवळ पूर्ण वेळ परगावीच असतात, एका शहरातून दुसऱ्या शहरात, आज इथे तर परवा हजार मैलांवर. असा संघ एक विजय आणि बारा पराभव घेऊन नाताळला घरी परततो आणि लोक तो आकडा बघून त्याला मोडीत काढतात. हे बरोबर नाही. त्या बारा पराभवांतले अकरा बलाढ्य संघांच्या घरी झालेले असतील तर त्यांचं वजन वेगळं धरायला हवं.

मुक्काम बदलला की काय होतं याचा एक पुरावा आहे. २०२२ मध्ये पॅक-१२ ही पश्चिमेकडची मोठी कॉन्फरन्स आणि स्वॅक यांनी एक मालिका ठरवली. तिच्यात पॅक-१२ च्या काही संघांना स्वॅकच्या कोर्टवर जाऊन खेळावं लागलं. त्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात कोलोरॅडो ग्रॅम्ब्लिंग स्टेटकडून, ॲरिझोना स्टेट टेक्सास सदर्नकडून आणि वॉशिंग्टन स्टेट प्रेअरी व्ह्यूकडून हरले. खेळाडू तेच, फक्त पाहुणे आणि यजमान बदलले.

तेव्हा मोजदाद करताना निदान तीन ढीग वेगळे करा: घरचे, परगावचे आणि तटस्थ कोर्टवरचे. तटस्थ म्हणजे हवाईमधली माउई इन्व्हिटेशनल किंवा बहामामधली बॅटल फॉर अटलांटिस अशा स्पर्धा, जिथे सगळेच पाहुणे असतात. तुलनेसाठी मला हाच ढीग सर्वांत भरवशाचा वाटतो. दोन कॉन्फरन्सचे एकूण आकडे सारखे असतील तर तटस्थ आणि परगावच्या ढिगात जी पुढे असेल तिच्या बाजूने कौल द्या.

आणि एक. डिव्हिजन टूच्या संघांविरुद्धचे विजय खोडून टाका. कित्येक संघांच्या खात्यात असे एक-दोन सामने असतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

पायरी ३: जय-पराजयाच्या पलीकडे गुणफरक बघा

दोन महिन्यांत एका संघाचे बाहेरचे सामने असतात जेमतेम बारा-तेरा. एवढ्याशा नमुन्यात नुसते जय-पराजय मोजले तर नशिबाचा वाटा मोठा राहतो. एका गुणाने जिंकणं आणि तीस गुणांनी जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण गुणफरकातही एक अडचण आहे. काही संघ धावपळीचा खेळ करतात, काही संथ. संथ खेळात दहा गुणांचा फरक म्हणजे पुष्कळ झाला. म्हणून जाणकार दर १०० ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले, हे काढतात. ताबा म्हणजे चेंडू हातात आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा एक डाव. गुणपत्रकावरून ताब्यांचा अंदाज असा काढायचा: बास्केटवर मारलेले एकूण शॉट, त्यातून आपल्याच शॉटवर पुन्हा मिळवलेले रिबाउंड वजा, त्यात टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू) मिळवा आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोफत शॉटच्या) संख्येला ०.४७५ ने गुणून तेही मिळवा.

समजा एका संघाने ६० शॉट मारले, १० वेळा आपलाच रिबाउंड परत मिळवला, १२ वेळा चेंडू गमावला आणि २० फ्री थ्रो घेतले. हिशेब: ६० वजा १० अधिक १२ अधिक ९.५, म्हणजे ७१.५ ताबे. त्यांचे गुण ७८ असतील तर दर १०० ताब्यांमागे १०९. समोरच्याचे ७० असतील तर ९८. फरक झाला साधारण अधिक ११. एखादा सामना बघताना हे एकदा हाताने करून बघा. एकदा जमलं की पुढे कुठल्याही संकेतस्थळावरचे आकडे परके वाटत नाहीत.

सगळ्या ३६४ संघांचं हे काम हाताने करायची गरज नाही. केन पॉमरॉय या माणसाने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हे सुरू केलं. पेशाने तो हवामानशास्त्रज्ञ होता. त्याच्या 'केनपॉम' संकेतस्थळावर प्रत्येक संघाचा हा फरक प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आणि सामन्याचं ठिकाण लक्षात घेऊन दुरुस्त केलेला असतो. मुख्य यादी फुकट दिसते. बार्ट टॉर्विकचं संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे आणि त्यात तारखा बदलून यादी पुन्हा मांडता येते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन.

पायरी ४: सरासरीवर थांबू नका

आता प्रत्येक संघापुढे एक आकडा आला. मग कॉन्फरन्समधल्या सगळ्यांची सरासरी काढली की झालं? इथेच खरा पेच आहे.

दोन काल्पनिक कॉन्फरन्स घ्या, प्रत्येकी आठ संघांच्या. पहिलीतले आकडे: अधिक २८, अधिक १०, अधिक २, शून्य, उणे २, उणे ४, उणे ८, उणे १०. दुसरीतले: अधिक ६, ५, ४, ३, २, शून्य, उणे १, उणे ३. दोन्हींची बेरीज १६, म्हणून सरासरी अधिक २. अगदी सारखी! पण मधले दोन आकडे घेऊन मध्यक काढा. पहिलीचा येतो उणे १ आणि दुसरीचा अधिक २.५. पहिल्या कॉन्फरन्समध्ये एक दादा संघ सगळ्यांना वर ओढतोय. दुसरीत कुणीही दादा नाही, पण एकही रात्र सोपी जात नाही.

पहिल्या प्रकाराचं खरं उदाहरण म्हणजे गोंझागा. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं हे विद्यापीठ वर्षानुवर्षं वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळत आलं. १९९९ पासून त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेची एकही वारी चुकवली नाही, आणि २०१७ आणि २०२१ मध्ये ते थेट अंतिम सामन्यात पोचले. २०२१ मध्ये तर ३१-० असे अजिंक्य जाऊन शेवटी बेलरकडून ८६-७० असे हरले. एवढा मोठा संघ असूनही वेस्ट कोस्टला कुणी पहिल्या पंक्तीत बसवत नाही, कारण गोंझागा आणि सेंट मेरीज सोडले तर खालची रांग बरीच मागे राहते.

पॉमरॉयने यावर एक छान तोड काढली आहे. तो विचारतो: या कॉन्फरन्समधल्या प्रत्येक संघाशी खेळून निम्मे सामने जिंकायचे तर संघ केवढा तगडा लागेल? त्या काल्पनिक संघाचा आकडा हाच त्या कॉन्फरन्सचा आकडा. यात एखाद्या दादा संघाचा किंवा एखाद्या अगदीच दुबळ्या संघाचा प्रभाव आपोआप कमी होतो.

तरी माझं मत असं की एका आकड्यात सगळं कोंबू नये. प्रश्न काय आहे त्यावर उत्तर ठरतं. विजेता कुठून येईल असा प्रश्न असेल तर वरचे दोन-तीन संघ बघा. रोजचा सामना किती खडतर आहे हे हवं असेल तर मध्यक बघा. राष्ट्रीय स्पर्धेत किती जागा मिळतील हे हवं असेल तर पहिल्या पन्नासांत किती संघ आहेत ते मोजा. भांडणाऱ्या दोघांना आधी एवढंच विचारा की तुमचा प्रश्न यातला कोणता. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पायरी ५: निवड समितीच्या चष्म्यातून बघायला शिका

समिती सांगते की ती कॉन्फरन्स बघत नाही, एकेक संघ बघते. तरीही कॉन्फरन्सची ताकद मागच्या दाराने आत येते. कशी, ते बघा.

१९८१ पासून २०१८ पर्यंत आरपीआय नावाचं गणित वापरात होतं. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांना फक्त २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना २५ टक्के. गुणफरकाला जागाच नव्हती. कुणाशी खेळायचं हे हुशारीने ठरवलं की क्रमांक सुधारायचा. २००६ मध्ये मिसूरी व्हॅली कॉन्फरन्सला चार जागा मिळाल्या तेव्हा तिने वेळापत्रक आखून आरपीआय फुगवल्याची टीका झाली. मग त्यांचे ब्रॅडली आणि विचिटा स्टेट शेवटच्या १६ मध्ये पोचले आणि टीकाकारांना गप्प बसावं लागलं.

२०१८-१९ पासून 'नेट' ही क्रमवारी आली. तिच्यात कार्यक्षमता मोजली जाते आणि तिच्यावरून सामन्यांचे चार ढीग पाडले जातात. त्यांना क्वाड्रंट म्हणतात. पहिल्या, सगळ्यांत मानाच्या ढिगात मोडतात ते असे: घरी पहिल्या ३० मधला संघ, तटस्थ कोर्टवर पहिल्या ५० मधला, परगावी पहिल्या ७५ मधला. म्हणजे ७० व्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरी जाऊन हरवलं तर पहिल्या ढिगातला विजय, आणि त्याच संघाला आपल्या घरी हरवलं तर दुसऱ्या.

आता परिणाम लक्षात घ्या. नाताळपर्यंत एसईसीने बाहेर धुमाकूळ घातला, म्हणून तिचे बहुतेक संघ नेटमध्ये वर चढले. मग जानेवारीपासून एसईसीतला जवळजवळ प्रत्येक परगावचा सामना पहिल्या ढिगातला ठरला. हरलात तरी फार नुकसान नाही, जिंकलात तर सोनं. त्यामुळे २०२५ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा हे कॉन्फरन्समध्ये प्रत्येकी ६ विजय आणि १२ पराभव अशा नोंदीवरही राष्ट्रीय स्पर्धेत आले. उलट २०२४ मध्ये मिसूरी व्हॅलीतला इंडियाना स्टेट २८ सामने जिंकून आणि नेटमध्ये पहिल्या तिसांत असूनही घरी राहिला. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून ८४-८० असा निसटता पराभव झाला आणि दार बंद. त्यांना मोठ्या संघांशी खेळायची संधीच कमी मिळते, कारण मोठे संघ त्यांच्या घरी जायला तयार नसतात. मला हे खुपतं. ताकद मोजण्याचं गणित कितीही चोख असलं तरी ती दाखवायची संधी सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे आकडे वाचताना विसरू नये.

नेटवरही आक्षेप आहेत. दुबळ्या संघाला पन्नास गुणांनी चिरडलं की क्रमांक सुधारतो, आणि २०२३-२४ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या संघांवर तोच ठपका आला. म्हणून नेटच्या जोडीला 'विन्स अबव्ह बबल' हा आकडाही बघा. २०२४-२५ पासून तो समितीच्या कागदावर आहे. स्पर्धेच्या उंबरठ्यावरचा एखादा संघ याच वेळापत्रकात किती सामने जिंकला असता, आणि तुम्ही त्यापेक्षा किती जास्त जिंकलात, एवढंच तो सांगतो. गुणफरकाशी त्याला देणंघेणं नाही.

पायरी ६: वर्ष बदललं की पाटी पुसा

'एसीसी म्हणजे एसीसी' असं म्हणणारे भेटतात. नाव तेच असलं तरी आतली माणसं बदलतात. २०२४ मध्ये तर पॅक-१२ जवळजवळ फुटली: यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एसीसीत, तेही अटलांटिक किनारा तीन हजार मैलांवर असताना! टेक्सास आणि ओक्लाहोमा त्याच वर्षी एसईसीत आले. गेल्या दशकातली कीर्ती यंदाच्या मोजमापात धरायची नाही, मग ती कितीही प्रिय असो.

संघ वाढले की वेळापत्रकही असमान होतं. बिग ईस्टमध्ये ११ संघ आणि २० सामने, म्हणजे प्रत्येकाशी घरी एकदा आणि परगावी एकदा. चोख. एसईसीत मात्र १५ प्रतिस्पर्धी आणि १८ सामने, म्हणजे फक्त तिघांशी दोनदा. ते तिघे कोण, यावर तक्त्यातली दोन-तीन स्थानं इकडची तिकडे होऊ शकतात.

पायरी ७: मार्चचे निकाल जपून वापरा

राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना, चाळीस मिनिटं. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. हा संघ आपल्या नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही हरला होता. तिथला विजेता मेरिमॅक नुकताच डिव्हिजन वनमध्ये आल्यामुळे नियमाने अपात्र होता, म्हणून यांना जागा मिळाली. त्या रात्रीचा आनंद अस्सल होता. पण त्यावरून नॉर्थईस्ट बिग टेनपेक्षा भारी ठरत नाही.

२०११ चं बिग ईस्ट बघा. तेव्हा विक्रमी ११ संघ आत होते, पण शेवटच्या १६ मध्ये पोचले दोनच: मार्केट विद्यापीठ आणि यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ). टीकेचा भडिमार झाला. मग कॉन्फरन्समध्ये ९ विजय आणि ९ पराभव असलेला यूकॉनच विजेता ठरला. मग ती कॉन्फरन्स भारी होती की नव्हती? बिग टेनचंही तसंच. २००० मध्ये मिशिगन स्टेट जिंकल्यापासून २०२५ पर्यंत तिच्या एकाही संघाला विजेतेपद मिळालं नाही, तरी त्या पंचवीस वर्षांत ती बहुतेक वेळा वरच्या काही कॉन्फरन्समध्येच होती. विजेतेपद एका संघाचं असतं, ते अख्ख्या कॉन्फरन्सच्या खात्यात टाकू नका.

तरी मार्च अगदीच निरुपयोगी नाही, कारण तिथे कॉन्फरन्स पुन्हा एकमेकींना भिडतात आणि कोर्ट बहुतांशी तटस्थ असतात. डिसेंबरचा अंदाज पडताळायला तो उपयोगी. २०२५ मध्ये एसईसीला १४ जागा मिळाल्या आणि २०११ चा विक्रम मोडला. त्यातले सात संघ शेवटच्या १६ मध्ये गेले, फ्लोरिडा आणि ऑबर्न शेवटच्या चारांत, आणि फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असं नमवून करंडक उचलला. त्या सातांमध्ये आर्कन्सॉ होता. एसईसीतले पहिले पाचही सामने तो हरला होता आणि मार्चमध्ये त्याने आधी कॅन्ससला आणि मग बिग ईस्टचा विजेता सेंट जॉन्सला घरी पाठवलं. 'आठवा दुसऱ्यापेक्षा भारी कसा' या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला इथे सापडेल.

सुरुवात कधी आणि कशी करायची

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोनच कॉन्फरन्स निवडा, जास्त नको. एक मोठी आणि एक लहान. लहानमध्ये मिसूरी व्हॅली किंवा आयव्ही लीग घ्या. आयव्हीत आठच संघ असल्याने हिशेब आटोक्यात राहतो. डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, तेव्हा चहाबरोबर बघून होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात आणि तोच सामना साडेचारला येतो. नाताळपर्यंत वही भरा, सरासरी आणि मध्यक काढा आणि स्वतःचा क्रम लिहून ठेवा. केनपॉम आणि टॉर्विकचा क्रम त्यानंतर बघा, आधी नको. तुमचा त्यांच्याशी जिथे मेळ बसत नाही तिथले सामने पुन्हा तपासा, बहुतेक वेळा 'कुठे झाला' या रकान्यातच कारण मिळतं.

महिलांच्या स्पर्धेसाठी वही वेगळी करा. पुरुषांचा क्रम तिथे लावला तर साफ फसाल. नेट तिथे २०२०-२१ पासून आहे, ६८ संघ २०२२ पासून. २०२५ मध्ये महिलांत सर्वाधिक १२ जागा बिग टेनला मिळाल्या, पण विजेता ठरला बिग ईस्टमधला यूकॉन, अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवून. त्या हंगामात यूकॉन कॉन्फरन्समध्ये एकही सामना हरला नाही, आणि पहिल्या पायरीप्रमाणे त्यातून आपल्याला फारसं कळत नाही. कळतं ते बाहेरच्या ओळींतून. नोत्र दाम, यूएससी आणि टेनेसीविरुद्धचे तीन पराभव बाहेरचेच, आणि फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनाच्या घरी जाऊन मिळवलेला ८७-५८ हा विजयही बाहेरचाच. बिग ईस्टच्या पानावर यूकॉनची ओळ वेगळ्या शाईने लिहा, बाकीच्या दहा संघांचा मध्यक काढा, आणि मग बिग टेनच्या पानाशेजारी ठेवा.